नववा ग्लास

तिवईवर नऊ ग्लास होते. सगळे स्टीलचे, एका मापाचे, एकावरही नाव कोरलेलं नाही. शेजारी माठ, माठाला पितळी तोटी, तोटीखाली अर्धी भरलेली बादली. सकाळी कचेरीत शिरताना मी हे पाहिलं होतं. जेवणाच्या सुट्टीआधी पुन्हा पाहिलं, तेव्हा आठ ग्लास जागचे हलले होते. काही टेबलांवर होते, एक खिडकीत, दोन तिवईवरच ओले. नववा होता तिथेच होता. आत बोट फिरवलं तर कोरडी धूळ लागली.

बाहेर आदिलाबादचा मे महिना होता. पारा चव्वेचाळीसवर. कचेरीत माणसंही नऊच होती.

मी ग्लास मोजायला गेले नव्हते. जिल्ह्यातल्या सरकारी इमारतींमध्ये अपंग माणसाला कुठपर्यंत जाता येतं, हे मोजायचं कंत्राटी काम मला मिळालं होतं. पिशवीत स्टीलचा टेप आणि उतार दाखवणारं एक छोटं यंत्र, एवढीच हत्यारं. ही कचेरी निजामाच्या काळातली, जाड भिंतींची. सुपरिंटेंडंट नरसिंगराव पटवारी मला घ्यायला फाटकापर्यंत आले होते.

"करा मॅडम, मुआइना करा, तपासा सगळं," ते रॅम्पकडे हात करून म्हणाले. "असा रॅम्प पूर्ण जिल्ह्यात भेटनार नाई. मी सोता उभं राहून बांधून घेतला."

मी यंत्र ठेवलं. बारा फूट पुढे गेलं की एक फूट वर, नियमात बसणारा उतार. कठडा दोन्ही बाजूंनी, पृष्ठभाग खरखरीत. तसं सांगितल्यावर नरसिंगराव लहान मुलासारखे खूश झाले आणि आत वळून ओरडले, "बाई! पास झाला बरं का आपला रॅम्प!"

"मंग पेढे आना," आतून आवाज आला.

या चंद्रभागा वाठोरे. कचेरीतल्या वरिष्ठ कारकून, सेहेचाळीस वर्षांच्या. लहानपणी पोलिओ झाला, दोन्ही पाय लुळे पडले. चाकाच्या खुर्चीत बसून कपाटापासून टेबलापर्यंत त्या अशा फिरत, की वाटेतली माणसं न सांगता पाय उचलून घेत. तोंडात सतत काहीतरी घोळत असायचं. मी पाहतेय हे पाहून त्यांनी डबी पुढे केली. वाळवलेल्या आवळ्याच्या फोडी होत्या.

"घे. तोंड ओलं राहते."

"पाणीच देऊ का तुम्हाला? माठातलं गार आहे."

"नको पोरी. आमी वाळवंटातल्या उंटिनी."

पलीकडच्या टेबलावर नरसिंगरावांची लेखणी थांबली. त्यांनी वर पाहिलं नाही. थोड्या वेळाने काहीतरी दाखवायचं निमित्त करून ते मला व्हरांड्यात घेऊन गेले.

"मॅडम, एक बात सांगतो. बाईले पान्याचं विचारू नका."

"का?"

"अवघड हाय ते." त्यांनी चष्मा काढला, परत घातला. "आमचं गाव नार्नूरकडलं. शेती होती आमची. बाईची आजी आमच्या वावरात कामाले असे. बयनाबाई. मी पाच-सहा वर्षांचा असन. मले डोयापुढं दिसते, बयनाबाई विहिरीपासून दूर उकिडवी बसलेली, ओंजळ तोंडाले लावलेली, अन आमची आजी वरून पानी ओतून राह्यली. तांब्या लागू नाई म्हनून इतका वर धरलेला, की अर्धं पानी तिच्या लुगड्यावरच सांडे."

व्हरांड्यात कूलरचं पाणी टपटपत होतं.

"बाई कचेरीत आल्या, आडनाव ऐकलं, गाव ऐकलं, तवा मी समजलो. पयल्याच दिवशी आमच्या डोमाजी शिपायानं पानी देल्लं, तर नको म्हनल्या. दुसऱ्या दिवशीबी नको. मी मनात म्हनलं, बरोबर हाय. आमच्या हातचं कायले पितीन?"

"तुम्ही विचारलं कधी?"

"काय विचारू? काऊन नाई पीत म्हनून? कोन्या तोंडानं विचारू मॅडम?"

पण ते हातावर हात ठेवून बसले नव्हते. आधी त्यांनी सगळ्यांसाठी स्टीलचे ग्लास आणले आणि आपल्याकडे घरच्या भांड्यांवर घालतात तशी प्रत्येकावर नावं घालून घेतली. बाईंना आपला, हक्काचा ग्लास असावा म्हणून. बाईंनी नाव वाचलं, हसल्या आणि पाणी प्यायल्या नाहीत. मग एके रात्री नरसिंगरावांना अंथरुणातच घाम फुटला: नावाचा ग्लास म्हणजे तर वेगळा ग्लास! ते सगळे ग्लास त्यांनी घरी नेऊन टाकले आणि बिननावाचे आणले, कुणाचा कुठला ते कळूच नये असे. बाईंच्या देखत ते हाताला येईल त्या ग्लासाने पाणी पीत. बाईंच्या भावाच्या घरी लग्न होतं तेव्हा पहिल्या पंगतीला जाऊन बसले, पोटभर जेवले. तिथे बाईंनी स्वतः सांगून त्यांच्या पानात वाढायला लावलं आणि त्यांच्या शेजारी तांब्याभर पाणी प्यायल्या.

"मंग मले आनखीनच समजलं," नरसिंगराव म्हणाले. "आपल्या घरी पितात. आमच्या कचेरीत नाई."

उन्हामुळे मी सकाळपासून चार ग्लास पाणी प्यायले होते, त्यामुळे पुढची गोष्ट ओघानेच आली. मी शिपाई डोमाजींना विचारलं, बायकांचं स्वच्छतागृह कुठे आहे. ते किल्ल्यांचा जुडगा घेऊन मागच्या अंगणात आले. कुलूप फिरेना. त्यांनी तेल आणून सोडलं.

"हे कोनी उघडतच नाई मॅडम. दुसऱ्या एक बाई होत्या चंचलबाई, त्या बदलून गेल्यापासून बंदच हाय."

"आणि चंद्रभागाबाई?"

डोमाजींनी किल्ली हातात फिरवली. "त्या... घरून जाऊन येत असतीन बाप्पा. बायामानसाचं आपन काय विचाराव?"

अंगणातून खाली दोन पायऱ्या. उंबऱ्याची सिमेंटची कड बोटभर नाही, चांगली वीतभर उंच. आत खोलीत तुटक्या खुर्च्या आणि झाडू. बाहेर आल्यावर मी दाराला टेप लावला. छप्पन्न सेंटिमीटर. मागून खुर्चीच्या चाकाचा आवाज आला. चंद्रभागाबाई पायऱ्यांच्या कडेपर्यंत येऊन थांबल्या होत्या.

"याचंबी माप घेते का?"

"सगळ्या दारांचं घ्यायचं असतं."

"मंग मायाबी खुर्चीचं घे."

मी घेतलं. सहासष्ट.

त्यांनी मान हलवली, जणू माहीत असलेलं उत्तर पडताळून पाहिलं. मी पायरीवर बसले. मग मी विचारलं, "सकाळपासून?"

"घरून नऊले निघते. घरी साडेसहाले. मधात काई नाई." आवळ्याची फोड त्यांनी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली. "सवय हाय. नार्नूरच्या शाळेत बाप मले खांद्यावर नेऊन सोडे. देवाजी म्हनून मोठा नामी गडी होता माया बाप. वर्गात बसवून मंग तो वावरात जाये, अन शाळा सुटल्यावर येये. तो सांगे, बाई, मी येईपर्यंत लागलं नाई पाह्यजे. म्हनजे बाराखडीच्या आधी मी हे शिकलो."

"इथे कुणी मदत..."

"चंचल होती ना. लय भली पोरगी. एकडाव म्हने, चल, मी नेते. खुर्ची इथं ठेवली, अन मले काखेत धरून उतरवू लागली. ती बारकी, मी अशी. दोघीबी पडलो. तिले लागलं, मले नाई लागलं. पन व्हायचं ते तिथंच होऊन गेलं." त्या सरळ पायऱ्यांकडे पाहत होत्या. "वली साडी घालून मी पाच वाजेपर्यंत टेबलावर बसलो. फाईली पुढं करून. कचेरीत पयलेपासूनच पीत नव्हतो; त्या दिवसापासून सकाळी घरूनबी पानी पिऊन निघनं बंद केलं."

"साहेबांना सांगायचं."

"सांगतलं. आधीचे जे साहेब होते त्याले. ते केबिनात, बाहेरून आलेल्या पाहुन्याइच्या समोर हासले. म्हने, बाईले आधी फाटक पाह्यजे, मंग रॅम्प पाह्यजे, आता संडास. उद्या म्हनतीन पलंग टाका." त्यांनी चाकावरची माती झटकली. "बाईमानसानं आठ मर्दायच्या कचेरीत संडासाचं किती डाव बोलाव पोरी? आता आमचं नाव दिव्यांग केलं म्हने. नाव बदललं, दार तेवढंच हाय."

बोलता बोलता त्यांनी पायाला आधार देणाऱ्या कॅलिपरचा पट्टा सैल केला. पट्टा निघाला तरी त्याचा खळगा घोट्यावर तसाच राहिला. मी बोटाने दाबून पाहिलं. बोटाचाही खळगा राहिला.

"डॉक्टरला दाखवलं?"

"घडीघडी जळजळ होते, ताप येते. खडे हायेत म्हने. मागच्या साली डॉक्टर म्हनला, रोज तीन लिटर पानी प्या, नाईतर किडन्या जातीन. मी म्हनलं, डॉक्टरसाहेब, तुमी एक दिवस आमच्या कचेरीत या, अन मंग सांगा."

त्या हसल्या. मला हसता येईना. मग न राहवून मी त्यांना नरसिंगरावांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. विहीर, ओंजळ, नावाचे ग्लास, बिननावाचे ग्लास.

चंद्रभागाबाई आधी ऐकतच राहिल्या. मग "अवं माय!" म्हणून इतक्या हसल्या की खुर्ची हलायला लागली, मी ब्रेक लावला.

"मले वाटे, हा मानूस गिलासाचा शौकीन हाय! म्हनलं, असते एकेकाले." पदराने डोळे पुसले. "आजीले ओंजळीनं पाजलं ते काई खोटं नाई. पन तो रुसवा धरायले मले कचेरीत कायले यायचं होतं? तो मी घरूनच धरला असता." हसू ओसरलं. "तिचं नाव घेतलं त्यानं? बयनाबाई म्हनून?"

"हो. नावानेच सांगितलं."

"आमच्या आजीले त्याइच्या घरी कोनी नावानं बोलवत नव्हतं," त्या म्हणाल्या. "याले कसं ठावं?"

परत फिरताना त्या म्हणाल्या, "त्याले काई सांगू नको. इतकी वर्षं बिचारा गिलास बदलून राह्यला."

मी काही सांगितलं नाही. संध्याकाळी नरसिंगरावांनी समोर बसवून निकाल विचारला, तेव्हा फक्त मापं वाचली. रॅम्प योग्य. मुख्य दार योग्य. टेबलांमधली वाट योग्य. बायकांचं स्वच्छतागृह: दोन पायऱ्या, दार छप्पन्न सेंटिमीटर.

"छप्पन्न म्हनजे?"

"चंद्रभागाबाईंची खुर्ची सहासष्ट आहे."

त्यांनी टेबलावर हाताची वीत पसरली, अर्धी मिटली, आणि त्या अर्ध्या वितीकडे पाहत राहिले. मग त्यांची नजर तिवईकडे गेली. डोमाजी ग्लास विसळत होते. आठ विसळून झाल्यावर त्यांनी नववाही विसळला, रोजच्यासारखा.

"पन मंग त्या दिवसभर..." नरसिंगराव म्हणाले, आणि वाक्य तिथेच सोडलं.

मी टेप गुंडाळला. चंद्रभागाबाई घरी निघाल्या होत्या, रॅम्पवरून त्यांच्या खुर्चीचा एकसारखा उतरता आवाज येत होता. तो थांबेपर्यंत नरसिंगराव उठले नाहीत.

पुढच्या आठवड्यात माझ्या आग्रहावरून चंद्रभागाबाईंनी रक्त तपासून घेतलं. फोनवर त्यांनी आकडा वाचून दाखवला: क्रिएटिनिन, किडन्यांनी गाळायचा रक्तातला मळ, सहा पूर्णांक आठ. "हे किती पाह्यजे असते?" त्यांनी विचारलं. बाईमाणसाला एकच्या आत, असं मी सांगितलं. मग म्हणाल्या, "गनितात मी पयलेपासूनच जास्ती होतो."

नरसिंगराव पावसाळाभर त्या एका दारामागे लागले. मंजुरीसाठी ते वरच्या कचेरीत जाऊन बसायचे. बसायला खुर्ची दिली नाही तर उभे राहायचे. मी पाहायला गेले त्या दिवशी बांधकामाचा गुत्तेदार आला होता. तो नकाशा पाहून म्हणाला, "साब, एक लेडीज के वास्ते इतना बडा बाथरूम?"

"हां. एकच के वास्ते," नरसिंगराव म्हणाले. "अन एक इंच बी कम हुआ तो तोडके फिरसे बांधना पडेगा."

जुनं पाडलं. नवं कचेरीच्या आतूनच जाता येईल असं काढलं. फरशी एका पातळीत, कड नाही, पायरी नाही. नरसिंगराव रोज सकाळी दवाखान्यातून मागून आणलेली मोकळी चाकाची खुर्ची स्वतः ढकलत आत नेत, वळवत आणि बाहेर आणत. एकदा तर खुर्चीत बसून भिंतीतले आधाराचे दोन्ही दांडे धरून पाहिले, आणि डोमाजी दारात येऊन उभे राहिले तेव्हा ओरडले, "काय पाहून राह्यला? मोजनी चालू हाय!"

त्याच काळात चंद्रभागाबाईंचं डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून दोनदा. भावाचा मुलगा त्यांना रिक्षात घालून नेई. उरलेल्या दिवशी त्या कामावर येत. रजा कशी जपून वापरायची हे त्यांना कचेरीत सगळ्यांपेक्षा जास्त कळायचं.

अखेरची मोजणी करायला मी गेले तेव्हा डिसेंबर होता. भैंसाच्या बाजारपेठेकडे निघालेल्या कापसाच्या गाड्यांमधून उडालेले कापसाचे पुंजके फाटकाच्या जाळीत अडकले होते. आदिलाबादची थंडी हाडात शिरत होती. नरसिंगरावांनी नवीन स्वेटर घातला होता. नव्या दाराला त्यांनी झेंडूचं तोरण बांधलं होतं आणि डोमाजींना नारळ आणायला पाठवलं होतं.

"आधी बाई," ते म्हणाले. "उद्घाटन त्याइच्या हातानं."

चंद्रभागाबाई आल्या. चेहरा काळवंडला होता, हात बारीक झाले होते, डाव्या मनगटावर पट्टी होती. त्यांनी दार ढकललं. एका बोटाने उघडेल एवढं हलकं होतं ते. मी त्यांच्यामागून टेप घेऊन आत गेले, दार लोटलं. दाराची रुंदी एक्क्याण्णव. कमोडच्या भांड्याची उंची खुर्चीच्या बसण्याइतकी. दोन्ही दांडे पक्के. आत खुर्ची पूर्ण गोल फिरत होती. चंद्रभागाबाईंनी ती एकदा फिरवली, परत उलटी फिरवली.

"मोठं झालं वं," त्या म्हणाल्या. "इथं तर पोरं खेळतीन."

"मी बाहेर थांबते. तुम्ही..."

"नको. ऱ्हाऊ दे." त्यांनी दांड्यावरून हात फिरवला. "आता लागतच नाई पोरी. मशीनच काढून घेते सगळं."

मी टेप हातात धरून उभी राहिले.

खुर्चीला टांगलेल्या पिशवीतून त्यांनी प्लास्टिकची अर्ध्या लिटरची बाटली काढून दाखवली. बाहेरून शाईने रेघा आखल्या होत्या: शंभर, दोनशे, तीनशे, चारशे, आणि मानेशी पाचशे. "डॉक्टरनं एवढंच सांगतलं दिवसाले. चहा, गोळी, वरन, सगळं धरून. जास्ती झालं की छातीत भरते, दम लागते. आज चहाबी नाई पेलो. अजून उघडली नाई." पाणी पाचशेच्या रेघेला लागून होतं.

"नरसिंगरावांना माहीत आहे?"

"मशीनचं माहीत हाय. पान्याचं नाई. कोनाले माहीत असते? सगळे म्हनतात, पानी पेत जा, पानी पेत जा." बाटली त्यांनी पिशवीत घातली. "तू बी सांगू नको."

आम्ही बाहेर आलो. सगळी कचेरी तिथे उभी होती. नारळ फुटला, खोबरं वाटलं गेलं. मग नरसिंगराव तिवईकडे गेले. हाताला आला तो ग्लास त्यांनी उचलला, विसळला, तोटीखाली धरला. काठोकाठ भरला. भरलेला ग्लास सांडू न देता, दोन्ही हातांनी धरून ते सगळी खोली ओलांडून आले आणि चंद्रभागाबाईंच्या समोर वाकले. ग्लास खुर्चीच्या उंचीवर आणला.

"बाई," ते म्हणाले. एवढंच म्हणाले.

मी तोंड उघडलं. चंद्रभागाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी ते मिटलं.

त्यांनी ग्लास घेतला. ओठाला लावून, मध्ये न थांबता, शेवटच्या थेंबापर्यंत पाणी प्यायल्या. गळा हलताना दिसत होता. डोमाजींच्या हातात नारळाची करवंटी तशीच राहिली होती.

"गार हाय," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "आजीले आमच्या गार पानी लय आवडे."

नरसिंगराव सरळ झाले. काही म्हणायला गेले, पण "थंडी लय हाय आज" एवढंच म्हणून भिंतीकडे वळले आणि स्वेटरची वरची बटणं लावू लागले. ती आधीच लावलेली होती.

रिकामा ग्लास मांडीवर ठेवून चंद्रभागाबाई मागच्या अंगणात आल्या. मी सोबत होते. जुन्या पायऱ्यांच्या जागी आता माती भरली होती आणि कुणीतरी अडुळशाचं रोप लावलं होतं. त्यांनी पिशवीतून बाटली काढली, बूच उघडलं आणि आपल्या बाटलीतलं पाणी त्या ग्लासात ओतलं, मघाशी होतं तसं काठोकाठ. मग ग्लास रोपाच्या मुळाशी ओतून दिला. मातीने पाणी लगेच शोषून घेतलं.

"हे घे," म्हणून बाटली त्यांनी माझ्याकडे दिली. "रेघ बारीक हाय. मघाचा गिलास वजा जाऊन आता किती राह्यलं पाय बरं."

मी बाटली डोळ्यांच्या रेषेत धरली. पाणी तीनशेवर होतं.